तारापूरची वीज, कुर्ल्याची फियाट

१९६९. तेव्हाच्या ठाणे आणि आजच्या पालघर जिल्ह्यातील तारापूर येथे देशातील पहिले अणुवीज केंद्र कार्यान्वित झाले. त्याच वर्षी इटलीत फियाटने ‘११००’ ही जुनी मोटार बंद करून नवी ‘१२८’ बाजारात आणली.

तारापूरच्या दक्षिणेस, कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यात मात्र ‘११०० डिलाइट’च घडत राहिली. तिचे मूळ इटालियन रूप तर १९६६ मध्येच मागे पडले होते!

अणुभट्टी अमेरिकेतून येऊ शकली, मग मोटारीचे नवे साचे का नाहीत? परकीय चलन तुटपुंजे होते आणि सरकारच्या लेखी मोटार ही चैन होती. उत्पादनावर परवान्याचा अंकुश होता. शिवाय ग्राहक नोंदणी करून वर्षानुवर्षे थांबत. दाराशी रांग असताना रूप पालटण्याची निकड कोणाला?

पालटले ते मुख्यतः नाव. फियाटशी झालेला करार संपल्यावर ती आधी ‘प्रेसिडेंट’ आणि १९७४ पासून ‘पद्मिनी’ झाली. इटालियन देहाला चितोडच्या राणीचे नाव! कोलकात्याची टॅक्सी म्हणजे पिवळी ॲम्बॅसिडर, तशी मुंबईची काळी-पिवळी पद्मिनी. ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस तिने मुंबईच्या रस्त्यांचा निरोप घेतला.