फ्रान्समधील उजवे मध्यममार्गी राजकारण
फ्रान्समधील उजवे मध्यममार्गी राजकारण : प्रजासत्ताकाची चौकट मान्य करून परंपरा, खाजगी मालमत्ता, सुव्यवस्था व राष्ट्रीय प्रतिष्ठा यांचा पुरस्कार करणाऱ्या फ्रेंच पक्षोपपक्षांचे राजकारण. या पक्षांत आर्थिक धोरणाबाबत मतभेद असले, तरी त्यांच्यातील फुटींची मुळे बव्हंशी सांस्कृतिक मूल्यांत आढळतात. धर्म व राज्यसंस्था यांचे नाते, कुटुंबाचे स्वरूप आणि राष्ट्राचे सार्वभौमत्व या प्रश्नांवर त्यांच्यात एकवाक्यता टिकली नाही.

‘उजवे’ ही संज्ञा १७८९ मधील राष्ट्रीय सभेच्या आसनव्यवस्थेवरून रूढ झाली. राजाच्या नकाराधिकाराचे समर्थक अध्यक्षांच्या उजव्या बाजूस बसत. इतिहासकार रने रेमाँ यांनी १९५४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात फ्रेंच उजव्यांच्या तीन परंपरा दाखविल्या : क्रांती अमान्य करणारी, राजसत्ता व चर्च यांवर निष्ठा असलेली वैधराजवादी, संसदीय स्वातंत्र्य व अर्थव्यवहारातील उदारमतवाद स्वीकारणारी ऑर्लेआँवादी, आणि लोककौल व प्रबळ नेतृत्व यांवर आधारलेली बोनापार्टवादी. १८७१ च्या राष्ट्रीय सभेत राजेशाहीवाद्यांचे बहुमत होते. तथापि तिरंगी ध्वज स्वीकारण्यास वैधराजवाद्यांचे उमेदवार काउंट द शांबॉर यांनी १८७३ मध्ये पुन्हा नकार दिला व पांढऱ्या ध्वजाचा आग्रह धरला. त्यामुळे राजेशाहीची पुनःस्थापना फसली आणि १८७५ च्या कायद्यांनी प्रजासत्ताक स्थिरावले. निव्वळ संख्याबळापेक्षा प्रतीकाचा प्रश्न निर्णायक ठरल्याचे हे ठळक उदाहरण होय. पुढे १९०५ च्या कायद्याने चर्च व राज्यसंस्था विभक्त झाल्या.

दुसऱ्या महायुद्धानंतर ख्रिस्ती लोकशाहीवाद्यांनी यूरोपीय एकीकरणाचा पुरस्कार केला, तर शार्ल द गोल यांच्या अनुयायांनी राष्ट्राच्या स्वातंत्र्यास अग्रक्रम दिला. यूरोपविषयक धोरणावरून १९६२ मध्ये ख्रिस्ती लोकशाहीवादी मंत्र्यांनी राजीनामे दिले. त्याच वर्षी राष्ट्राध्यक्षाच्या प्रत्यक्ष निवडणुकीस सार्वमताने मान्यता मिळाली. ही तरतूद उजव्या पक्षांतील स्पर्धा अधिक तीव्र करणारी ठरली.

१९७४ मध्ये राष्ट्राध्यक्ष झालेले व्हालेरी जीस्कार देस्ताँ यांनी मतदानाचे वय १८ वर आणले. त्यांच्या आरोग्यमंत्री सिमोन व्हेय यांचे गर्भपातविषयक विधेयक नोव्हेंबर १९७४ मध्ये राष्ट्रीय सभेत २८४ विरुद्ध १८९ मतांनी संमत झाले. सत्तारूढ आघाडीच्या बहुसंख्य सभासदांनी त्याविरुद्ध मत दिले आणि डाव्या विरोधकांच्या पाठिंब्यानेच ते तरले. १९७६ मध्ये पंतप्रधान झाक शिराक यांनी राजीनामा देऊन द गोलवाद्यांचा नवा पक्ष स्थापिला. १९७८ मध्ये जीस्कार यांच्या समर्थक पक्षांनी स्वतंत्र संघ उभारला. ही दुही १९८१ मध्ये जीस्कार यांच्या पराभवास साहाय्यभूत झाली. १९९२ मधील मास्ट्रिख्ट तहावरील सार्वमतात द गोलवाद्यांतच फूट पडली : शिराक यांनी तहाच्या बाजूने, तर फिलीप सेगँ व शार्ल पास्क्वा यांनी विरुद्ध भूमिका घेतली. तहास सु. ५१ टक्के मते मिळाली.

२००२ मध्ये बहुतेक गट एका पक्षात एकत्र आले, तरी मतभेद मिटले नाहीत. २०१३ मध्ये समलिंगी विवाहास मान्यता देणाऱ्या कायद्यास पक्षाच्या बहुसंख्य सभासदांनी विरोध केला. मोजक्यांनी अनुकूल मत दिले. २०१५ मध्ये पक्षाने ‘रिपब्लिकन’ हे नाव धारण केले. २०१७ नंतर त्यातील उदारमतवाद्यांपैकी अनेक जण एमान्युएल माक्राँ यांच्याकडे गेले. २०२२ मध्ये पक्षाच्या उमेदवार व्हालेरी पेक्रेस यांना राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीत ४·७८ टक्केच मते मिळाली. जून २०२४ मध्ये पक्षाध्यक्ष एरिक सियोती यांनी अतिउजव्यांशी समझोता करताच पक्षाच्या इतर प्रमुख नेत्यांनी त्यांच्याशी फारकत घेतली.

तथापि सांस्कृतिक मूल्यांवरील भूमिका अपरिवर्तनीय नसतात, हेही या इतिहासावरून दिसते. गर्भपाताचे स्वातंत्र्य संविधानात समाविष्ट करण्याचा ठराव मार्च २०२४ मध्ये व्हर्साय येथील संयुक्त अधिवेशनात ७८० विरुद्ध ७२ मतांनी संमत झाला व उजव्या पक्षांतील अनेकांनी त्यास अनुमती दिली. पन्नास वर्षांपूर्वी ज्या प्रश्नावरून सत्तारूढ आघाडी दुभंगली होती, तो बव्हंशी मिटला. मात्र राष्ट्र, यूरोप व अतिउजव्यांशी असलेले नाते यांविषयीचे मतभेद कायम राहिले.