काळा दिसणारा लाल

जुन्या लढायांचे देखावे छोट्या मॉडेल्समधून उभे करायचे आणि रंगवायचे मात्र फक्त काळ्या-पांढऱ्या छटांत, असा एक भन्नाट प्रकार आहे. जुना फोटो जणू टेबलावर उतरलाय! वरवर पाहता काम सोपं. फोटोशॉपच्या ग्रेस्केलसारखं, रंग काढा, करडा भरा.

पण गंमत बघा. 'रेड बॅरन' मॅनफ्रेड फॉन रिश्टहोफेन २१ एप्रिल १९१८ रोजी पडला, तेव्हा त्याच्या नावावर ८० विमानं होती. त्याचं फोकर ट्रायप्लेन लालभडक. त्या काळात सर्रास वापरली जाणारी ऑर्थोक्रोमॅटिक फिल्म मात्र लाल रंगाला जवळजवळ आंधळी आणि निळ्याला हळवी. म्हणजे विमान काळपट, आकाश पांढरंफटक!

मग मॉडेलवर कुठला करडा लावायचा? डोळ्याचा की कॅमेऱ्याचा? मी म्हणेन, कॅमेऱ्याचा, कारण देखावा फोटोचा आहे. पण इतिहास वाचताना उलट. सैनिकांनी आठवण म्हणून फाडून नेलेले त्या विमानाच्या कापडाचे तुकडे संग्रहालयांत आहेत, आणि ते लाल आहेत. फोटो खोटं बोलत नाही, पण त्याला जेवढं दिसलं तेवढंच सांगतो. उरलेलं आपण शोधायचं.