साचेखात्याचे दार आणि ठेकेदाराची यादी



पालीतून रोज सकाळी आपली पोरं खोपोली, नागोठणे, रोह्याच्या धाटावकडे कामाला जातात. बहुतेक ठेक्यावर. वस्तीत बैठक घेतली की एक गोष्ट हमखास कानावर येते. आयटीआय झालेला मुलगा फिटरच्या कामासाठी जातो. मुकादम आडनाव विचारतो, गाव विचारतो, मग वाडी विचारतो आणि हातात झाडू देतो. आठवड्याभरात मुलगा काम सोडतो. अशाच एकाने आम्हाला विचारले, "दादा, खाजगी कंपनीत आपलं काय चालतं?"

याचे उत्तर शोधायला आधी मुंबईच्या गिरण्यांत जावे लागेल. कोकणातून पोट भरायला गेलेल्या आपल्या पणजोबांपुढे हाच प्रश्न होता. अस्पृश्य कामगाराला साचेखात्यात, म्हणजे विणकाम खात्यात, प्रवेश नव्हता. पगार तिथेच जास्त होता. कारण काय सांगत? धोट्यात नवी कांडी घातली की सूत तोंडाने ओढून घ्यावे लागे; अस्पृश्याचे तोंड लागलेला धोटा आम्ही कसा लावू, असे सवर्ण विणकर म्हणत. अस्पृश्यांना कमी पगाराच्या खात्यांत राबावे लागे.

इथे नीट लक्ष द्या. हे दार एकट्या मालकाने बंद केले नव्हते. सोबतच्या कामगारानेही ते आतून धरून ठेवले होते. म्हणून १९२८ च्या मोठ्या संपात बाबासाहेबांनी संपाच्या पुढाऱ्यांनाच धारेवर धरले. सर्व खात्यांत काम करण्याचा आमचा हक्क मान्य करा, नाहीतर आमच्या लोकांना संपातून बाहेर काढीन, असे त्यांनी बजावले. पुढाऱ्यांनी नाइलाजाने ती मागणी यादीत घातली. त्यावर मालक म्हणाले, हा अन्याय असेल तर तो आम्ही केलेला नाही. मालक कामगारांकडे बोट दाखवतो, कामगार रूढीकडे. आज कंपनी ठेकेदाराकडे बोट दाखवते, ठेकेदार मुकादमाकडे. बदलले काय?

१२ आणि १३ फेब्रुवारी १९३८ रोजी मनमाडला जी.आय.पी. रेल्वेतील अस्पृश्य कामगारांची परिषद झाली. ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू, ही मांडणी बाबासाहेबांनी तिथेच केली. हे वाक्य आपण पोस्टरवर छापतो, पण त्यांनी दिलेला पुरावा विसरतो. आपला माणूस रेल्वेत गँगमन म्हणून लागतो आणि गँगमन म्हणूनच संपतो, असे त्यांनी दाखवले. त्याला साधा पोर्टरही करत नाहीत, कारण स्टेशनमास्तर पोर्टरकडून घरकामही करून घेतो आणि त्याच्या घरात अस्पृश्य चालत नाही. भेदभाव बढतीच्या प्रत्येक पायरीवर बसलेला असतो, हे त्यांनी एकेक हुद्दा घेऊन सिद्ध केले.

आता कायद्याकडे येऊ. २६ जानेवारी १९५० पासून संविधान लागू झाले. कलम १६ सरकारी नोकरीत समान संधी देते. कलम १७ अस्पृश्यता नष्ट करते आणि ते खाजगी माणसालाही बांधते. १९५५ च्या अस्पृश्यता (गुन्हे) कायद्यात धंदा-व्यवसाय करण्यापासून रोखणे हा गुन्हा ठरला. पण 'कोणतीही नोकरी' हे शब्द त्यात आले १९७६ च्या दुरुस्तीने, तेव्हा त्याचे नाव नागरी हक्क संरक्षण कायदा झाले. १९८९ च्या अॅट्रॉसिटी कायद्यातही नोकरीपासून रोखण्याचा आणि आर्थिक बहिष्काराचा स्पष्ट उल्लेख २०१५ च्या दुरुस्तीने आला. ती २६ जानेवारी २०१६ पासून लागू आहे. म्हणजे खाजगी कंपनीत आपलं काहीच चालत नाही, हे खोटे आहे.

पण अपुरेपणही पाहा. अमेरिकेत काळ्या जनतेने लढून १९६४ चा नागरी हक्क कायदा मिळवला. वंश किंवा रंगावरून कामावर घेणे, काढणे, बढती नाकारणे हे खाजगी मालकालाही मना झाले. कामगार नोकरी आणि भरपाई मागू शकतो. आपले कायदे मुख्यतः फौजदारी आहेत. अपराध्याला शिक्षा होईल, पण हुकलेली बढती त्याने परत मिळत नाही. नव्या वेतन संहितेतही भेदभावाची बंदी लिंगभेदापुरतीच आहे. जात तिथे नाही. खाजगी क्षेत्रासाठी जातिभेदविरोधी दिवाणी कायदा हवा, ही मागणी आपल्या युनियननी आणि संघटनांनी लावून धरली पाहिजे.

तोपर्यंत हातात आहे ते वापरा. काम सोडण्याआधी लिहा: तारीख, वेळ, कोण काय बोलले, कोणासमोर बोलले. चार लोकांसमोर झालेला अपमान आणि बंद खोलीतला अपमान कोर्टात सारखे धरले जात नाहीत, म्हणून साक्षीदारांची नावे महत्त्वाची. गेटपास, हजेरी, पगाराची चिठ्ठी जपून ठेवा. जातीचा दाखला काढून ठेवा. १९९० पासून बौद्धही अनुसूचित जातीत धरले जातात. पोलिसांनी तक्रार घेतली नाही तर पोलीस अधीक्षकांना लेखी द्या. अॅट्रॉसिटीचा तपास उपअधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्यानेच करायचा असतो. आणि एकटे जाऊ नका.

त्या मुलाला आम्ही हेच सांगितले. साचेखात्याचे दार कुणी दया म्हणून उघडणार नव्हते. कुणीतरी त्याचे नाव मागण्यांच्या यादीत घालायला लावले. तुझी तक्रारही कागदावर येऊ दे.

जय भीम!