रिकामा तराजू

तराजू पारखायचा तर आधी त्यात काहीच ठेवायचे नाही. वजनमापे खात्यात निरीक्षक असताना कुठल्याही दुकानात शिरलो की मी पहिले काम हेच करी: दोन्ही पारडी रिकामी करून दांडीला बोटाने हलकेच दाबायचे आणि बघत उभे राहायचे. चांगली दांडी खालीवर झुलते, झोके लहान होत जातात आणि शेवटी काटा मधोमध येऊन थांबतो. हे घडते, कारण दांडीचा गुरुत्वमध्य टेकूच्या किंचित खाली ठेवलेला असतो. कलली की तिचेच वजन तिला परत आडवी करते. तो फार खाली गेला तर तराजू मठ्ठ होतो, चिमूटभर फरकाला दाद देत नाही. टेकूच्या वर गेला तर दांडी एका बाजूला कोलमडते आणि तिथेच राहते. हे अंतर साधणारा कारागीर मला कुठल्याही घड्याळजीइतकाच थोर वाटतो.

पण रिकामा तराजू समतोल दिसला म्हणून खरा ठरत नाही. एक बाहू जरासा लांब ठेवून दुसरीकडे पासंग बांधला की काटा मध्यावर येतो आणि तोलताना मात्र गिऱ्हाईक नागवले जाते. त्यावर उपाय एकच. माल आणि वजन यांची पारडी बदलायची. लबाडी असली तर काटा लगेच कलतो.

वजनमापांची ही काळजी फार जुनी आहे. हडप्पा संस्कृतीतल्या चर्ट दगडाच्या घनाकृती वजनांत सुमारे १३.६ ग्रॅमचे एक मूळ माप आणि त्याच्या दुपटीची चढती रांग सापडते. कौटिल्य तर आमच्या खात्याचा मूळपुरुषच. वजने लोखंडाची किंवा मगध-मेकलच्या दगडाची हवीत, पाण्याने वाढणारी वा उष्णतेने घटणारी नकोत, आणि दर चार महिन्यांनी त्यांची पडताळणी व्हावी, असे अर्थशास्त्र सांगते. पडताळणी चुकवणाऱ्याला दंड सव्वासत्तावीस पण (तेव्हाचे नाणे). तो सव्वाचा हिशेब वाचला की तो वसूल करणाऱ्या अनाम अधिकाऱ्याबद्दल मला आपुलकी वाटते.

आपल्याकडे गोंधळ होता तो तराजूत नव्हे, वजनांत. सराफाकडे आठ गुंजांचा मासा, बारा माशांचा तोळा. धान्य मात्र चिपटे, मापटे, पायलीने मोजले जाई आणि पायली गावागणिक बदले. इंग्रजांनी १८३३ मध्ये तोळा १८० ग्रेनचा ठरवला, म्हणजे आजचे ११.६६ ग्रॅम, तरी मुंबईचा मण २८ पौंडांचा आणि बंगालचा ८२ पौंडांहून जास्त, हे चालूच राहिले. १९५६ मध्ये दशमान वजनमापांचा कायदा झाला, ऑक्टोबर १९५८ पासून टप्प्याटप्प्याने किलो आला. दशमान पद्धतीने गरीब गिऱ्हाइकाचे जेवढे भले केले, तेवढे फार थोड्या कायद्यांनी केले असेल असे माझे ठाम मत आहे. बुडाशी शिसे ओतून त्यावर सरकारी ठसा मारलेले लोखंडी वजन साताऱ्यात आणि कोलकात्यात सारखेच भरू लागले.

आता दुकानोदुकानी इलेक्ट्रॉनिक काटे आहेत. ते सोयीचे आहेत, वेगवान आहेत. पण बहुतेकांत तोल साधलाच जात नाही. मालाच्या दाबाने आतला धातूचा तुकडा किंचित वाकतो आणि त्यावरून आकडा उमटतो. म्हणजे हा काटा गुरुत्वाकर्षण मोजतो. दोन पारड्यांच्या तराजूचे तसे नाही. शिवाजी महाराजांनी १६६५ मध्ये महाबळेश्वरला जिजाबाईंची आणि सोनोपंत डबिरांची सुवर्णतुला केली. ती तुला समुद्रकाठी केली असती तरी सोने तेवढेच लागले असते, कारण डोंगरावर ओढ कमी झाली तर ती दोन्ही पारड्यांची सारखीच होते. मुंबईत जुळवलेला सराफी इलेक्ट्रॉनिक काटा मात्र महाबळेश्वरला तसाच नेला, तर १०० ग्रॅम सोने तीन-चार शतांश ग्रॅमने कमी दाखवील. म्हणूनच असा काटा जिथे वापरायचा तिथेच प्रमाणित वजन ठेवून जुळवावा लागतो.