पिस्तुलाची 'सेफ्टी' नक्की काय अडवते? स्वस्त शस्त्र, जुनं रिव्हॉल्व्हर आणि गावठी कट्टा

"सेफ्टी लावलीय, काही होत नाही." कमरेला पिस्तूल खोचलेल्या रील्सखाली हे वाक्य हमखास दिसतं. ओतूर, आळेफाटा, नारायणगाव या पट्ट्यातही बंदुकीच्या परवान्याचा विषय गप्पांत निघतो. कधी कांद्या-टोमॅटोची रोकड घेऊन रात्री घरी परतायचं असतं म्हणून, कधी शेताच्या बांधावर बिबट्या दिसला म्हणून. पण या 'सेफ्टी'चं नेमकं काम काय, ती काय अडवते आणि काय अडवत नाही, हे फारसं कुणी सांगत नाही.

गोविंदाच्या पायात गोळी कशी लागली?

आपल्या राज्यातलं सगळ्यात गाजलेलं उदाहरण 1 ऑक्टोबर 2024 चं आहे. अभिनेता गोविंदा पहाटे पावणेपाचच्या सुमारास कोलकात्याला जाण्याच्या तयारीत होता. जुहूच्या घरी स्वतःचं परवानाधारक रिव्हॉल्व्हर ठेवताना ते हातातून निसटून खाली पडलं, गोळी सुटली आणि डाव्या पायात शिरली. शस्त्रक्रिया करून गोळी काढावी लागली. 4 ऑक्टोबरला त्याला घरी सोडलं.

हे रिव्हॉल्व्हर .32 बोअरचं, जुनं होतं आणि त्याच्या लॉकचा छोटा भाग तुटलेला होता, असं तेव्हाच्या बातम्यांत आलं होतं. शस्त्र कायदेशीर होतं, मालक अनुभवी होता. कमी पडला तो धातूचा एक लहानसा तुकडा, आणि आत गोळ्या भरलेल्या होत्या.

आत काय घडतं?

गोळी सुटायला शेवटी एकच गोष्ट लागते: काडतुसाच्या बुडाशी असलेल्या प्रायमरवर फायरिंग पिनचा टोला. ट्रिगर ओढला की ताणलेल्या घोड्याला अडवून धरणारी खाच सुटते, घोडा पिनवर आदळतो आणि पिन प्रायमरवर. ताणलेला घोडा अडवणाऱ्या या भागाला सिअर म्हणतात. काही पिस्तुलांत घोडा नसतो. तिथे स्प्रिंगने ताणलेला स्ट्रायकरच ते काम करतो.

आता अंगठ्याने वर-खाली होणारी ती छोटी कळ, जिला आपण सेफ्टी म्हणतो, ती यातल्या नेमक्या कोणत्या भागाला अडवते? सगळा प्रश्न इथेच आहे. बऱ्याच साध्या पिस्तुलांत ती फक्त ट्रिगर किंवा सिअर अडवते. फायरिंग पिन मोकळीच राहते. असं पिस्तूल नळीच्या तोंडावर जोरात आपटलं, तर पिस्तूल थांबतं पण आतली पिन आपल्याच वेगाने पुढे जाते. एसटीने करकचून ब्रेक मारल्यावर उभा प्रवासी पुढे जातो, तसंच. हा धक्का पुरेसा असेल तर ट्रिगरला बोटही न लागता गोळी सुटते.

यावर उपाय जुना आहे. फायरिंग पिनच्या वाटेत एक अडसर ठेवायचा आणि ट्रिगर पूर्ण ओढला तरच तो बाजूला व्हायचा. रिव्हॉल्व्हरमध्ये हेच काम ट्रान्सफर बार किंवा हॅमर ब्लॉक करतो. कळ लावायला माणूस विसरला तरी हा अडसर आपलं काम करत राहतो. म्हणून शस्त्र पडल्यावर सुरक्षित आहे का, हे बाहेरच्या कळीवरून कळत नाही, आतल्या अडसरावरून कळतं. जुन्या धाटणीच्या अनेक रिव्हॉल्व्हरमध्ये तो नसतोच. म्हणून पूर्वीचे जाणकार लोक सहा घरांपैकी घोड्याखालचं एक घर रिकामं ठेवायचे.

सेफ्टी काढल्याशिवाय रिकामं न होणारं पिस्तूल

स्वस्त पिस्तुलांचा सगळ्यात मोठा धडा अमेरिकेतला आहे. तिथे 1968 च्या कायद्याने लहान, स्वस्त पिस्तुलांच्या आयातीवर बंधनं आली. मग लॉस एंजेलिसच्या आसपास अशी पिस्तुलं बनवणाऱ्या कंपन्या उभ्या राहिल्या. त्यांची बरीचशी पिस्तुलं पोलादाऐवजी जस्ताच्या मिश्रधातूच्या ओतकामातून बनत. ओतायला सोपं, घासायला कमी, किंमत कमी. पण हा धातू मऊ असतो. सिअरची धार किंवा सेफ्टीचा खटका अशा बारीक कडांवर झीज लवकर होते, आणि सुरक्षितता नेमकी त्याच कडांवर टिकलेली असते.

यातल्याच ब्रायको कंपनीच्या 'मॉडेल 38' पिस्तुलाने 1994 मध्ये कॅलिफोर्नियात सात वर्षांच्या मुलाला गोळी लागली. मुलाला सांभाळणारा तरुण पिस्तूल रिकामं करायला गेला होता. त्याचा हेतू चांगलाच होता. पण या पिस्तुलाची रचना अशी होती की सेफ्टी लावलेली असताना स्लाइड मागे ओढताच येत नसे. म्हणजे चेंबरमधली गोळी काढायची तर आधी सेफ्टी काढावी लागे. त्याने ती काढली आणि गोळी सुटली. मुलगा मानेखाली कायमचा लुळा झाला.

2003 मध्ये ज्युरीने या प्रकरणात कंपनी आणि इतरांवर मिळून सुमारे 2.4 कोटी डॉलर भरपाईची जबाबदारी टाकली. कंपनीने दिवाळखोरी जाहीर केली. सेफ्टी असूनही, किंबहुना सेफ्टीच्या रचनेमुळेच, अपघात होऊ शकतो, याचं यापेक्षा स्पष्ट उदाहरण मिळणं अवघड.

दोष फक्त अगदी स्वस्त मालात असतो असंही नाही. ब्राझीलच्या टॉरस कंपनीच्या काही मॉडेल्सबद्दल, पडल्यावर गोळी सुटते अशा तक्रारींचा खटला झाला. दोष मान्य न करता कंपनीने 2015 मध्ये तडजोड केली, आणि त्या तडजोडीत सुमारे साडेनऊ लाख पिस्तुलं येत होती. 2017 मध्ये सिग सॉअरच्या पी 320 या महागड्या पिस्तुलातही पडण्याच्या चाचण्यांत गोळी सुटल्यावर कंपनीला मोफत दुरुस्ती द्यावी लागली. फरक इतकाच की मोठी कंपनी शोधून दुरुस्ती मागता येते.

आपल्याकडे 'स्वस्त' म्हणजे काय?

भारतात कायदेशीर आणि स्वस्त असं पिस्तूल जवळजवळ नाहीच. 9 एमएम वगैरे लष्करी-पोलिसी बोअर सामान्य नागरिकाला मिळत नाहीत, म्हणून बहुतेकांकडे .32 असतं. कानपूरच्या फील्ड गन फॅक्टरीने 2014 मध्ये खास महिलांसाठी म्हणून 'निर्भीक' हे 500 ग्रॅमचं रिव्हॉल्व्हर आणलं. त्याची किंमत होती सव्वा लाखाच्या आसपास. त्यामुळे कमी पैशांत शस्त्र हवं असेल तर दोनच वाटा उरतात: कुणाचं तरी जुनं, वापरलेलं शस्त्र, नाहीतर बेकायदा गावठी कट्टा.

जुन्याचं काय होतं ते गोविंदाच्या प्रकरणात दिसलं. स्प्रिंग थकते, खाच झिजते, आणि बाहेरून पॉलिश चकचकीतच दिसतं.

गावठी कट्ट्याबद्दल तर सेफ्टी हा शब्दच वापरू नये. पोलिसांच्या प्रेसनोटमध्ये 'एक गावठी बनावटीचे पिस्तूल व दोन जिवंत काडतुसे' अशी ओळ पुणे जिल्ह्यात नवी नाही. यातला बराच माल मध्य प्रदेशच्या सीमेकडून येतो. नोव्हेंबर 2025 मध्ये पुणे शहर पोलिसांनी बडवानी जिल्ह्यातल्या उमर्टीत जाऊन शस्त्रं बनवण्याच्या भट्ट्या उद्ध्वस्त केल्या, त्या याच कारणाने. अशा शस्त्राच्या धातूची, मापांची किंवा नळीची कुणीही तपासणी केलेली नसते. परवानाधारक कारखान्यातल्या शस्त्राची निदान दाबाची 'प्रूफ' चाचणी होते. कट्ट्यात सेफ्टीची कळ दिसली तरी ती आत कशाला जोडलेली असेलच असं नाही. कधी ती फक्त विदेशी पिस्तुलासारखं दिसावं म्हणून असते. शिवाय नळी फुटून हात जाण्याचा धोका वेगळाच.

आणि कायदा? 2019 च्या दुरुस्तीनंतर विनापरवाना शस्त्र बाळगल्यास किमान दोन आणि जास्तीत जास्त पाच वर्षं कैद आहे. लग्नात, मिरवणुकीत हौसेने गोळीबार करून इतरांचा जीव धोक्यात घातल्यास दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. ही शिक्षा परवाना असलेल्यालाही लागू आहे.

बिबट्यासाठी पिस्तूल?

नाही. उसात, अंधारात, काही सेकंदांत .32 ची गोळी नेमकी लागेल ही कल्पना सिनेमातली आहे. जखमी बिबट्या जास्त धोकादायक, आणि चुकलेली गोळी शेजारच्या वस्तीकडे जाते. त्यासाठी वन विभागाची 1926 ही हेल्पलाइन आहे आणि माणिकडोहचं बिबट्या निवारा केंद्र तालुक्यातच आहे.

घरात परवान्याचं शस्त्र असेल तर

अनेक अपघात एका गैरसमजातून होतात: मॅगझिन काढलं म्हणजे पिस्तूल रिकामं झालं. तसं नसतं. चेंबरमधली एक गोळी तशीच राहते, आणि मॅगझिनशिवायही बरीच पिस्तुलं ती गोळी उडवतात. आधी नळी सुरक्षित दिशेला, बोट ट्रिगरपासून दूर. मग मॅगझिन काढा, स्लाइड मागे ओढा आणि चेंबर डोळ्यांनी बघा. अंधार असेल तर करंगळीने चाचपा. रिव्हॉल्व्हर असेल तर सिलिंडर उघडून सगळी घरं मोजा.

शस्त्र हातातून निसटलंच तर हवेत झेलायला जाऊ नका. झेलताना बोट ट्रिगरमध्ये अडकतं. आधुनिक चांगलं शस्त्र पडून सहसा सुटत नाही, झेलताना मात्र सुटू शकतं. बाहेर नेताना 2016 च्या नियमांनुसार ते होल्स्टरमध्ये आणि झाकलेलं असावं लागतं. पँटच्या कमरेत खोचणं हे नियमातही बसत नाही आणि शहाणपणातही. घरी शस्त्र एका कुलपात, काडतुसं दुसऱ्या. सेफ्टी ढिली वाटली, 'टक्' असा आवाज येईनासा झाला, तर गावातल्या लोहाराकडे किंवा गॅरेजवाल्याकडे नव्हे, परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडेच दाखवा.

आणखी एक प्रसंग खेड्यात नेहमी येतो. वडील किंवा आजोबा वारतात आणि ट्रंकेत त्यांचं जुनं रिव्हॉल्व्हर सापडतं. ते भरलेलं आहे की नाही कुणालाच माहीत नसतं. परवाना त्यांच्या नावावर होता, तुमच्या नाही. शस्त्र कायद्याच्या कलम 21 नुसार असं शस्त्र जवळच्या पोलिस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावं लागतं. वारसाला ते हवं असेल तर परवान्यासाठी वेगळा अर्ज करता येतो. ओतूरसारख्या ग्रामीण भागात तो जिल्हाधिकारी कार्यालयाकडे जातो. ट्रंक उघडताच शस्त्र उचलून 'चालतंय का बघू' म्हणत ट्रिगर ओढू नका. मुलांना खोलीबाहेर काढा, दार लावा आणि पोलिस ठाण्याला फोन करून ते कसं आणायचं ते आधी विचारा.