आवडत्या डावामागील इतिहासदृष्टी : पटावरील युद्धखेळांची दोन शतके

प्रस्तावना

पटावरील युद्धखेळांचे हौशी खेळाडू एकत्र आले की कोणता खेळ श्रेष्ठ, हा वाद अटळ असतो. एकाला दारूगोळ्याचा व रसदेचा बारीक हिशेब ठेवणारा खेळ प्रिय असतो, दुसऱ्याला एका संध्याकाळी निकाली निघणारा, तर तिसऱ्याला फाशांपेक्षा वाटाघाटींवर चालणारा. हा वाद वरवर पाहता केवळ आवडीनिवडीचा आहे. वस्तुतः प्रत्येक ऐतिहासिक युद्धखेळ हे भूतकाळाविषयीचे एक प्रतिपादन असते. पटावर काय मोजले जाते आणि काय मोजलेच जात नाही, यावरून युद्धात निर्णायक काय ठरते याविषयीचे रचनाकाराचे मत प्रकट होते. त्यामुळे खेळांची तुलना ही नकळत इतिहासाच्या आकलनांची तुलना ठरते. अठराव्या शतकाच्या अखेरीपासून आजपर्यंतच्या काही प्रमुख खेळांच्या आधारे हे सूत्र तपासणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

बुद्धिबळाकडून नकाशाकडे

बुद्धिबळाचा उगम भारतीय चतुरंगात मानला जातो. हत्ती, घोडदळ, रथ व पायदळ ही सेनेची चार अंगे त्या नावातच आहेत, आणि मराठीतील हत्ती, घोडा, उंट, वजीर व प्यादी या नावांतून त्या सेनेची आठवण आजही टिकून आहे. तथापि बुद्धिबळाच्या पटावर डोंगर नाही, नदी नाही आणि दैवालाही स्थान नाही. दोन्ही बाजूंचे बळ समान असते व सर्व काही दोघांनाही दिसत असते.

ही उणीव भरून काढण्याचा एक महत्त्वाचा प्रयत्न जर्मनीतील ब्राउनश्वाइग येथील योहान हेलविग यांनी १७८० मध्ये केला. त्यांनी बुद्धिबळाचाच पट दीड हजारांहून अधिक घरांपर्यंत वाढवला आणि वेगवेगळ्या रंगांनी वेगवेगळा भूप्रदेश दर्शविला. पुढे १८१२ मध्ये प्रशियातील गेओर्ग लेओपोल्ड फॉन राइसविट्झ यांनी चौकटी बाजूला सारून भूप्रदेशाची प्रतिकृती असलेला खेळ राजासमोर मांडला. त्यांच्या पुत्राने १८२४ मध्ये त्याला अधिक नेमके रूप दिले. हा खेळ ‘क्रीग्सश्पील’ या नावाने ओळखला जातो. त्यात १ : ८००० या प्रमाणाचा नकाशा होता, दोन मिनिटांची एक पाळी होती, गोळीबाराचा परिणाम ठरविण्यासाठी फासे होते आणि दोन्ही पक्षांना जे प्रत्यक्ष दिसू शकेल तेवढेच दाखविणारा पंच होता. हा निव्वळ खेळ नसून युद्धाचे शिक्षण आहे, असा अभिप्राय प्रशियाचे सेनाप्रमुख म्युफ्लिंग यांनी दिला आणि सैन्यात त्याचा प्रसार झाला.

येथे एक मूलभूत बदल घडला. बुद्धिबळात हरणाऱ्याला दोष देण्यास स्वतःखेरीज कोणी नसते. क्रीग्सश्पीलमध्ये मात्र अपुरी माहिती आणि दैव यांना नियमांतच स्थान मिळाले. युद्ध हे गणित असले तरी त्याचे उत्तर आधी निश्चित नसते, ही भूमिका पटावर प्रथमच इतक्या स्पष्टपणे मांडली गेली.

नियम की पंच?

या खेळाने एक वादही जन्माला घातला. नियम जितके काटेकोर, तितका खेळ संथ व किचकट. १८७३ मध्ये याकोब मेकेल या प्रशियन अधिकाऱ्याने नियमांच्या या ओझ्यावर टीका केली, आणि १८७६ मध्ये व्हेर्डी दु व्हेर्न्वा यांनी कोष्टके व फासे जवळजवळ बाजूला ठेवून अनुभवी पंचाच्या निर्णयावर चालणारा ‘मुक्त’ खेळ पुरस्कारिला. नियमबद्ध खेळात कोष्टकाची हुकमत चालते, तर मुक्त खेळात अनुभवी व्यक्तीची. आजच्या खेळाडूंमधील तपशीलप्रिय व सुटसुटीतपणाप्रिय हे दोन पक्ष याच वादाचे वारस होत.

पंचाला अधिकार दिल्याने काय घडू शकते, याचे उदाहरण नौदलाच्या इतिहासात सापडते. मिडवेच्या मोहिमेपूर्वी १९४२ च्या मे महिन्यात जपानी नौदलाने पटावर सराव केला. त्यात पंचांच्या निर्णयानुसार जपानच्या विमानवाहू नौका बुडाल्या. सरावाचे प्रमुख ॲडमिरल उगाकी यांनी शत्रूच्या यशस्वी माऱ्यांची संख्या कमी करून तो निकाल फिरवला. जूनमध्ये प्रत्यक्ष लढाईत जपानने चार विमानवाहू नौका गमावल्या. पटावरच्या फाशाने भविष्य सांगितले होते, असा याचा अर्थ नव्हे. नको असलेली शक्यता विचारातूनच काढून टाकण्याची मोकळीक वरिष्ठाला मिळाली की सरावाचा उपयोग संपतो, एवढाच त्याचा बोध होय.

हौशी खेळाडूंचा उदय

सैनिकी दालनातून हा खेळ घरात आला, त्याचे मोठे श्रेय एच. जी. वेल्स यांना दिले जाते. १९१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘लिटल वॉर्स’ या पुस्तकात त्यांनी खेळण्यातील शिपाई व स्प्रिंगच्या छोट्या तोफा घेऊन खेळावयाच्या लढायांचे नियम दिले. खरे युद्ध हा किती मोठा मूर्खपणा आहे हे खेळातील युद्धावरून उमगावे, अशी त्यांची भूमिका होती. पुढल्याच वर्षी पहिले महायुद्ध सुरू झाले.

मुद्रित नकाशा, पुठ्ठ्याच्या सोंगट्या व लढाईच्या निकालाचे कोष्टक हे आज परिचित असलेले स्वरूप अमेरिकेतील चार्ल्स रॉबर्ट्स यांनी घडविले. त्यांचा ‘टॅक्टिक्स’ हा खेळ १९५४ मध्ये टपालाद्वारे विकला गेला. १९५८ मध्ये बाल्टिमोर येथे त्यांनी अ‍ॅव्हलॉन हिल ही संस्था स्थापन केली आणि त्याच वर्षी अमेरिकन यादवी युद्धावरील ‘गेटिसबर्ग’ प्रसिद्ध केला. १९६१ पासून चौरस घरांच्या जागी षट्कोनी घरे आली. चौरसात तिरके अंतर सरळ अंतराहून अधिक भरते, षट्कोनात मात्र सहाही शेजारी घरे सारख्याच अंतरावर येतात. त्यामुळे ही पद्धत युद्धखेळांची ओळखखूणच बनली.

खेळ मिळाला तरी जोडीदार मिळणे कठीण होते. १९६४ मध्ये सुरू झालेल्या अ‍ॅव्हलॉन हिलच्या ‘द जनरल’ या नियतकालिकातील प्रतिस्पर्ध्यांच्या शोधाच्या जाहिरातींनी ही अडचण दूर केली. दूरदूरचे खेळाडू टपालाने चाली कळवू लागले. १९६७ मध्ये ‘स्ट्रॅटेजी अँड टॅक्टिक्स’ हे नियतकालिक निघाले. १९६९ मध्ये ते जेम्स डनिगन यांच्या हाती आले आणि प्रत्येक अंकासोबत एक संपूर्ण खेळ देण्याची प्रथा पडली. वाचकांकडून खेळांना गुण मागवले जात आणि पुढे कोणत्या लढाईवर खेळ काढावा याविषयी कौल घेतला जाई. तुलनेला अशा रीतीने संस्थात्मक रूप आले. कोणते युद्ध पटावर यावे, हे अंशतः वाचकांची पसंती ठरवू लागली. ज्या युद्धांना चाहते होते त्यांवर खेळांमागून खेळ निघाले व ज्यांना नव्हते ती मागे पडली. गेटिसबर्ग, नॉर्मंडी आणि रशियाची आघाडी पुन्हा पुन्हा पटावर येण्यामागे हे एक कारण होते.

वास्तवता आणि समतोल

हौशी खेळाडू दोन अपेक्षा बाळगतो. खेळ इतिहासाशी प्रामाणिक असावा आणि दोन्ही बाजूंना जिंकण्याची संधी असावी. या दोन अपेक्षा अनेकदा परस्परविरोधी ठरतात. डनिगन यांच्या ‘फ्रान्स १९४०’ या खेळात ही अडचण ठळकपणे दिसते. मूळ ऐतिहासिक सैन्यरचनेने खेळल्यास मित्रराष्ट्रांना फारशी आशा उरत नाही. म्हणून त्यात वेगवेगळ्या गृहीतकांवर आधारलेल्या पर्यायी सैन्यरचनाही देण्यात आल्या. खेळाच्या सोयीसाठी केलेली ही योजना इतिहासाच्या दृष्टीने गंभीर प्रश्न विचारते. फ्रान्सचा पराभव अटळ होता, की तो चुकीच्या मांडणीचा परिणाम होता? इतिहासकार ज्या प्रश्नावर ग्रंथ लिहितात, तोच प्रश्न खेळाडू सोंगट्या हलवून तपासतो.

वास्तवतेचा हव्यास कोठवर जाऊ शकतो, हे १९७९ च्या ‘द कॅम्पेन फॉर नॉर्थ आफ्रिका’ या रिचर्ड बर्ग यांच्या खेळाने दाखवले. त्याचा पूर्ण डाव संपण्यास हजार तासांहून अधिक लागतील असा अंदाज होता. इटालियन तुकड्यांना पास्ता शिजवण्यासाठी जादा पाणी पुरवावे लागे, हा त्यातील नियम खेळाडूंच्या गप्पांत अजरामर झाला. तपशील वाढला म्हणून सत्य जवळ येतेच असे नाही. प्रत्यक्ष सेनापती पाण्याचे प्रत्येक पिंप मोजत नसे, ते काम त्याच्या हाताखालचे अधिकारी करीत. सर्व काही एकट्याने मोजणारा खेळाडू सेनापतीच्या नव्हे, तर साऱ्या कचेरीच्या भूमिकेत जातो.

याच्या अगदी दुसऱ्या टोकाला ॲलन कॅल्हॅमर यांचा १९५९ चा ‘डिप्लोमसी’ उभा आहे. पहिल्या महायुद्धापूर्वीच्या युरोपातील सात सत्ता, अत्यल्प नियम आणि फाशांचा पूर्ण अभाव, अशी त्याची रचना आहे. खेळाडू आपसांत बोलणी करतात, वचने देतात आणि नंतर सर्वांचे लेखी हुकूम एकाच वेळी उघडले जातात. वचन पाळण्याचे बंधन कोणावरही नसते. येथे रणगाड्याची जाडी किंवा तोफेचा पल्ला यांना अर्थ नाही. महायुद्धाचे मूळ युतींच्या राजकारणात व परस्पर अविश्वासात आहे, हे या खेळाचे प्रतिपादन होय. ‘डिप्लोमसी’ आवडणारा आणि ‘नॉर्थ आफ्रिका’ आवडणारा हे दोघे वाद घालतात, तेव्हा युद्ध विश्वासघाताने ठरते की रसदेने, हाच त्यांच्यातील मतभेद असतो.

युद्धाविना डावपेच

१९८० नंतर युद्धखेळांच्या व्यवसायाला ओहोटी लागली. डनिगन यांनी स्थापन केलेली प्रकाशनसंस्था १९८२ मध्ये दुसऱ्या कंपनीच्या ताब्यात गेली आणि अ‍ॅव्हलॉन हिल १९९८ मध्ये हॅस्ब्रोने विकत घेतली. दरम्यान जर्मनीत वेगळ्या प्रकारचे खेळ बहरत होते. नाझी राजवटीच्या अनुभवानंतर युद्धाच्या खेळण्यांविषयी तेथील समाजात नावड होती. क्लाउस टॉयबर यांच्या १९९५ च्या ‘कटान’मध्ये खेळाडू लाकूड, विटा, धान्य, लोकर व खनिज यांची देवघेव करीत वसाहती उभारतात. तेथे कोणाचे सैन्य नष्ट होत नाही आणि कोणी मध्येच बादही होत नाही.

तथापि युद्ध वगळले म्हणून हिंसा वगळली जाते काय? आंद्रेयास झायफार्थ यांच्या २००२ च्या ‘पोर्तो रिको’त खेळाडू मळे उभारून नीळ, साखर, तंबाखू व कॉफी जहाजांवर चढवतात. मळ्यांवर राबणारी माणसे त्यात तपकिरी चकत्यांच्या रूपात बोटीतून उतरतात आणि नियमपुस्तिका त्यांना ‘वसाहतकार’ म्हणते. कॅरिबियन मळ्यांवर प्रत्यक्षात गुलाम राबत होते, हे ठाऊक असलेल्या खेळाडूला त्या शब्दाआड काय झाकले आहे हे कळते. या आक्षेपाची चर्चा वाढत गेली. २०२२ मध्ये निघालेल्या आवृत्तीत काळ बदलून गुलामगिरीच्या निर्मूलनानंतरचा, १८९७ च्या सुमाराचा करण्यात आला.

न मोजलेली माणसे

हा आक्षेप युद्धखेळांनाही लागू पडतो. दुसऱ्या महायुद्धावरील खेळांत जर्मन सैन्याचे नेतृत्व कोणीतरी करतोच. जॉन प्रॅडोस यांच्या १९७४ च्या ‘राइज अँड डिक्लाइन ऑफ द थर्ड राइश’मध्ये युरोपभरचे सैन्य व अर्थबळ मोजले जाते. छळछावण्या मात्र पटावर नाहीत. व्यापलेला प्रदेश म्हणजे वाढलेले उत्पन्न, एवढेच तेथे दिसते. खेळाडू दुष्ट नसतो, पण त्याने स्वीकारलेले कोष्टक माणसे मोजत नाही.

अलीकडील काही रचनाकारांनी ही उणीव ओळखली. व्होल्को रुन्के यांच्या ‘अँडियन ॲबिस’ (२०१२) पासून सुरू झालेल्या मालिकेत प्रदेश जिंकण्याइतकेच लोकांचे समर्थन वा विरोध महत्त्वाचा ठरतो. याच मालिकेतील ब्रूस मॅन्सफील्ड यांचा ‘गांधी’ (२०१९) भारतीय स्वातंत्र्यलढ्यावर आहे. ब्रिटिश राज, काँग्रेस, मुस्लिम लीग व क्रांतिकारक असे चार पक्ष त्यात आहेत, आणि त्यांतील दोन अहिंसक आहेत. दीर्घकाळ प्रामुख्याने मारक शक्ती मोजणाऱ्या परंपरेत अहिंसेला नियमांचे रूप मिळणे, ही लहान गोष्ट नव्हे.

कोल वेर्ले यांचा ‘जॉन कंपनी’ (२०१७, सुधारित आवृत्ती २०२२) महाराष्ट्रातील वाचकाला अधिक जवळचा वाटेल. ईस्ट इंडिया कंपनीच्या या खेळात खेळाडू सेनापती नसून इंग्लंडमधील महत्त्वाकांक्षी घराणी असतात. नेमणुका, नफा आणि प्रतिष्ठेची निवृत्ती हे त्यांचे ध्येय असते. पटावर पंजाब, म्हैसूर, हैदराबाद यांच्याबरोबर मराठ्यांचा प्रदेशही आहे. परंतु खेळाडूंच्या दृष्टीने तो प्रामुख्याने लाभाचे वा जोखमीचे एक क्षेत्र ठरतो. मराठेशाहीचा इतिहास ज्याला आपला वाटतो, त्याला ही जागा बोचल्याखेरीज राहणार नाही, आणि ही बोच रचनाकाराला अपेक्षितच आहे. लंडनमधल्या एका नेमणुकीसाठी भारतात मोहीम काढली जाते, हे वाचण्यापेक्षा स्वतः तसा निर्णय घेऊन बसणे अधिक अस्वस्थ करते.

समारोप

उपरोक्त विवेचनावरून असे दिसते की, युद्धखेळांच्या इतिहासात वास्तवतेचा अर्थ सतत बदलत आला आहे. हेलविग यांच्यासाठी ती भूप्रदेशात होती, राइसविट्झ पितापुत्रांसाठी अनिश्चिततेत, बर्ग यांच्यासाठी रसदेत, तर कॅल्हॅमर यांच्यासाठी मानवी अविश्वासात. ज्यांच्यावर युद्ध लादले जाते त्या माणसांची मोजदाद पटावर उशिरा आली आणि अजूनही ती सर्वत्र आलेली नाही. म्हणून दोन खेळांची तुलना करताना कोणता अधिक रंजक आहे, हा प्रश्न योग्य असला तरी पुरेसा नाही. या पटावर कोणाच्या नावाची सोंगटी नाही, हेही विचारले पाहिजे. इतिहासाच्या ग्रंथाला जो प्रश्न विचारला जातो, तो पटाला न विचारण्याचे काही कारण नाही.