जर्मनीतील अभियांत्रिकी पदव्युत्तर शिक्षण

जर्मनीतील अभियांत्रिकी पदव्युत्तर शिक्षण म्हणजे जर्मन विद्यापीठांत अभियांत्रिकीच्या विविध शाखांमध्ये दिले जाणारे, पदवीनंतरचे साधारणतः दोन वर्षांचे शिक्षण होय. ते पूर्ण करणाऱ्यास बहुधा 'मास्टर ऑफ सायन्स' ही पदवी मिळते. बहुतेक राज्यांतील सार्वजनिक विद्यापीठे परदेशी विद्यार्थ्यांकडूनही शिक्षणशुल्क घेत नाहीत. त्यामुळे भारतातून तेथे जाणाऱ्यांची संख्या वाढत गेली. २०२३-२४ च्या हिवाळी सत्रात जर्मनीत सर्व शाखा मिळून सुमारे ४९ हजार भारतीय विद्यार्थी होते आणि परदेशी विद्यार्थ्यांमध्ये हा सर्वांत मोठा गट होता. शुल्क नसले, तरी निर्वाहाच्या रकमेची आगाऊ तजवीज, परीक्षेच्या मर्यादित संधी आणि जर्मन भाषा या तीन गोष्टी विद्यार्थ्याची कसोटी पाहणाऱ्या ठरतात.

इतिहास

१८९९ साली प्रशियातील तांत्रिक उच्च शिक्षणसंस्थांना 'डिप्लोम-इंजेनिअर' आणि 'डॉक्टर-इंजेनिअर' या पदव्या देण्याचा अधिकार मिळाला. त्यानंतर सुमारे शंभर वर्षे 'डिप्लोम' हा एकसंध अभ्यासक्रम जर्मन अभियंत्याची ओळख होता. १९९९ मध्ये युरोपातील २९ देशांनी बोलोन्या जाहीरनाम्यावर सह्या केल्या. त्यानुसार जर्मनीने बॅचलर व मास्टर अशी दोन टप्प्यांची रचना स्वीकारली. त्यामुळे अन्य देशांतील पदवीधरांना थेट दुसऱ्या टप्प्यात प्रवेश घेणे सुलभ झाले. ड्रेस्डेनच्या तंत्रविद्यापीठासारख्या काही ठिकाणी डिप्लोम अद्याप टिकून आहे.

शिक्षणसंस्था

या शिक्षणाच्या संस्था मुख्यतः दोन प्रकारच्या आहेत. तंत्रविद्यापीठांत सिद्धान्त व संशोधनावर भर असतो, तर उपयोजित विज्ञान विद्यापीठांत उद्योगाशी निगडित शिक्षणावर. आखेन, बर्लिन, ब्राउनश्वाइग, डार्मश्टाट, ड्रेस्डेन, हानोफर, कार्ल्सरूह, म्युनिक व श्टुटगार्ट येथील नऊ विद्यापीठांचा संघ 'टीयू ९' या नावाने ओळखला जातो.

प्रवेश

प्रवेशासाठी मूळ पदवी संबंधित शाखेची असावी लागते. गणित, यंत्रशास्त्र, विद्युत परिपथ अशा विषयांचे पुरेसे श्रेयांक पदवीत झाले आहेत की नाहीत, हे विद्यापीठ तपासते. त्यामुळे चांगले गुण असूनही विषयांची जुळणी न झाल्यास अर्ज नाकारला जाऊ शकतो.

जर्मन गुणश्रेणीत १.० सर्वोत्तम, ४.० उत्तीर्ण आणि ५.० अनुत्तीर्ण मानतात. भारतीय गुणांचे रूपांतर बहुधा 'सुधारित बव्हेरियन सूत्रा'ने करतात. कमाल गुणांतून मिळालेले गुण वजा करावेत. त्या वजाबाकीला कमाल व किमान उत्तीर्ण गुणांतील फरकाने भागावे, भागाकाराला तीनने गुणून त्यात एक मिळवावा. उदाहरणार्थ, कमाल १००, उत्तीर्णतेस ४० आणि मिळालेले ७० गुण असतील, तर जर्मन श्रेणी २.५ येते.

१ नोव्हेंबर २०२२ पासून भारतीय विद्यार्थ्यांना व्हिसासाठी 'एपीएस' प्रमाणपत्र आवश्यक करण्यात आले. त्यात भारतीय शैक्षणिक कागदपत्रांची पडताळणी होते. अनेक विद्यापीठांचे अर्ज 'युनि-असिस्ट' या संस्थेमार्फत स्वीकारले जातात.

खर्च

प्रत्येक सत्रास विद्यार्थी-सेवांसाठी वर्गणी भरावी लागते. अनेक ठिकाणी तीत स्थानिक प्रवासाचा पासही समाविष्ट असतो. निःशुल्क शिक्षणाला अपवाद आहेत. बाडेन-व्युर्टेमबेर्ग राज्यात युरोपीय संघाबाहेरील विद्यार्थ्यांना २०१७-१८ च्या हिवाळी सत्रापासून प्रतिसत्र १,५०० युरो शुल्क आहे. कार्ल्सरूह व श्टुटगार्ट ही शहरे याच राज्यात येतात. म्युनिकच्या तंत्रविद्यापीठाने २०२४-२५ पासून अशा नव्या विद्यार्थ्यांसाठी पदव्युत्तर शिक्षणास प्रतिसत्र ४,००० किंवा ६,००० युरो शुल्क लागू केले.

व्हिसा मिळण्यापूर्वी निर्वाहाची तजवीज दाखवावी लागते. त्यासाठी सामान्यतः 'ब्लॉक्ड अकाउंट' उघडतात. २०२४ मध्ये ही रक्कम वर्षाला ११,९०४ युरो ठरवण्यात आली. ती विद्यार्थ्याचीच राहते; मात्र दरमहा ९९२ युरोच काढता येतात. आरोग्यविमाही अनिवार्य आहे. मार्च २०२४ पासून विद्यार्थ्यांना वर्षातून १४० पूर्ण किंवा २८० अर्धे दिवस काम करण्याची मुभा आहे. विद्यापीठातील साहाय्यकाचे काम या मर्यादेत मोजले जात नाही.

अभ्यासक्रम व परीक्षा

दोन वर्षांचा अभ्यासक्रम चार सत्रांचा व १२० श्रेयांकांचा असतो. एका श्रेयांकामागे साधारण ३० तासांचे श्रम गृहीत धरतात. त्यात तासिकांबरोबर स्वाध्यायही येतो. शेवटचे सत्र सहसा प्रबंधासाठी असते. तो विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत किंवा एखाद्या उद्योगात राहून लिहिता येतो.

भारतीय विद्यार्थ्यास सर्वांत अनोळखी वाटणारी बाब म्हणजे परीक्षापद्धती. व्याख्यानांना हजेरीची सक्ती बहुधा नसते, अंतर्गत गुण अल्प असतात आणि अनेक विषयांची श्रेणी सत्रान्ती होणाऱ्या एकाच परीक्षेवर ठरते. परीक्षेसाठी वेगळी नोंदणी करावी लागते. बहुतेक विद्यापीठांत एका विषयाच्या परीक्षेस तीनच संधी मिळतात. अनिवार्य विषयात तिसऱ्यांदाही अपयश आल्यास त्या अभ्यासक्रमातील नोंदणी रद्द होते आणि सामान्यतः जर्मनीतील दुसऱ्या विद्यापीठातही तोच अभ्यासक्रम पुढे चालवता येत नाही. निवास परवाना शिक्षणासाठीच दिलेला असल्याने या अपयशाचा परिणाम वास्तव्यावरही होतो. म्हणून प्रवेशापूर्वी त्या अभ्यासक्रमाची परीक्षा-नियमावली वाचणे महत्त्वाचे ठरते.

भाषा

अनेक अभ्यासक्रम इंग्रजीतून चालतात. जर्मन माध्यमासाठी 'टेस्टडाफ' किंवा 'डीएसएच' यांसारखी परीक्षा उत्तीर्ण व्हावी लागते. इंग्रजी माध्यमाच्या विद्यार्थ्यालाही घरभाड्याचा करार, सरकारी कार्यालये आणि पुढे नोकरी यांसाठी जर्मनची गरज भासते. महाराष्ट्रात मुंबई व पुणे येथील मॅक्स म्युलर भवन, तसेच पुण्यातील रानडे इन्स्टिट्यूट येथे जर्मन शिकण्याची सोय आहे.

पदवीनंतर

पदवी मिळाल्यावर नोकरी शोधण्यासाठी १८ महिन्यांपर्यंतचा निवास परवाना मिळू शकतो. पात्रतेनुरूप नोकरी आणि ठरलेले किमान वेतन असल्यास युरोपीय संघाच्या 'ब्लू कार्ड'साठी अर्ज करता येतो. पदवीधराला संशोधनाकडेही वळता येते. अभियांत्रिकीतील डॉक्टरेटचे विद्यार्थी पुष्कळदा विद्यापीठाचे वेतनधारी कर्मचारी म्हणून काम करतात.